पाळीव प्राणी गेल्यानंतरचं दुःख आणि ‘मीच तिला मारलं का?’ हा प्रश्न

तुमच्या प्रश्नात बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून मला जे समजलं ते आधी सांगतो. तुमची बारा वर्षांची कुत्री जुई तीन आठवड्यांपूर्वी गेली. किडनीचा आजार कळला तेव्हा तो बराच पुढे गेला होता. काही दिवस सलाइनवर काढले आणि शेवटी डॉक्टरांशी बोलून तुम्ही तिला शांत मरण देणारं इंजेक्शन द्यायचं ठरवलंत. तेव्हापासून धड झोप नाही, जेवण जात नाही, रात्री फरशीवर तिच्या नखांचा आवाज येतो. कामावर कुणाला सांगायची लाज वाटते. सहा वर्षांचा मुलगा ‘जुई कधी येणार’ म्हणून विचारतो, मांजर तिच्या गादीवर जाऊन बसतं, आणि भेटेल तो ‘दुसरं पिल्लू आणा’ म्हणतो. या सगळ्यात एकच वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय: ‘मीच तिला मारलं.’

मी समुपदेशक आहे. जवळचं कुणी गेलेल्या माणसांबरोबर काम करतो, आणि प्राण्यांचे डॉक्टर त्यांच्याकडच्या अनेकांना माझ्याकडे पाठवतात. त्यामुळे हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. सुरुवात तिथूनच करतो, कारण प्राणी गेल्यावर माणूस अडकतो तो बहुतेक वेळा इथेच. आठवणीनं रडू येणं हळूहळू कमी होतं. अपराधीपणा मात्र सांत्वनानं जात नाही. ‘तू तिच्यासाठी सगळं केलंस’ असं दहा जणांनी म्हटलं तरी मनातली उलटतपासणी थांबत नाही, कारण म्हणणाऱ्याला त्या दिवसांचे बारकावे ठाऊक नसतात आणि ते ठाऊक नाहीत हे तुम्हाला माहीत असतं. त्यामुळे या भावनेला उत्तर द्यायचं तर तपशिलात शिरूनच द्यावं लागतं.

आधी ‘लवकर का लक्षात आलं नाही’ हे घेऊ. किडनीच्या आजारात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) ठळकपणे वाढतं ते साधारण पाऊण किडनी निकामी झाल्यावर. तोवर उरलेला भाग जादा काम उचलत असतो. दिसलंच तर एवढंच दिसतं की कुत्री पाणी जरा जास्त पिते आणि लघवीला जास्त वेळा जाते. म्हातारपण, उकाडा, नवं खाणं अशी त्याची दहा साधी कारणं असू शकतात. त्यात कुत्री-मांजरं दुखणं दाखवत नाहीत. मांजरं तर यात पटाईत असतात. काही आजार याहूनही वाईट. प्लीहेवरची हिमॅन्जिओसार्कोमा या कर्करोगाची गाठ फुटून आत रक्तस्राव होईपर्यंत कुत्रा मजेत फिरत असतो. मांजरांमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असतो, त्यात काही वेळा अचानक मृत्यू हेच पहिलं लक्षण ठरतं. आदल्या रात्री खेळत होतं आणि सकाळी गेलं असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात आणि बेफिकीरही नसतात.

शिवाय निकाल कळल्यावर मागे वळून पाहताना आपलं मन एक लबाडी करतं. बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं 1975 साली ती प्रयोगांतून दाखवली: शेवट काय झाला हे कळलं की तो आधीच दिसायला हवा होता असं माणसाला प्रामाणिकपणे वाटू लागतं. तुम्हाला आज आठवणारी ‘लक्षणं’ त्या दिवशी लक्षणं नव्हती, साध्या घटना होत्या. यासाठी मी एक काम सांगतो. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे त्या-त्या दिवशी तुम्हाला खरोखर काय माहीत होतं ते तारखेसह लिहा, उजवीकडे नंतर काय कळलं ते. मग स्वतःचा जो काही न्यायनिवाडा करायचा तो फक्त डावी बाजू वाचून करा. कंटाळवाणं काम आहे, पण नुसता मनात विचार करून हे जमत नाही. मनात दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात.

आता इंजेक्शन. तिथं काय झालं ते नीट समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुष्कळांच्या डोक्यात त्या पाच मिनिटांचं चुकीचं चित्र बसलेलं असतं. सहसा आधी गुंगीचं औषध देतात. नंतर शिरेतून दिलं जातं ते पुष्कळ ठिकाणी पेंटोबार्बिटल. हे भूल देणाऱ्या औषधांच्या जातीचं, फक्त मात्रा फार मोठी. काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. बहुतेक वेळा सगळं काही मिनिटांत आटोपतं. त्यानंतरही डोळे उघडे राहतात. एखादा खोल आचका येतो, पाय थरथरतात, लघवी होते. हे सगळं शुद्ध गेल्यानंतरचं आहे, मेंदूच्या खालच्या भागाच्या आणि स्नायूंच्या प्रतिक्षिप्त क्रिया. त्यात जाणीव नसते. पण खोलीत उभ्या असलेल्या माणसाला कुणी हे आधी सांगितलं नसेल, तर तो आचका ‘ती झगडत होती’ म्हणून आणि ते उघडे डोळे ‘ती माझ्याकडे बघत होती’ म्हणून मनात कोरले जातात. चांगले डॉक्टर हे आधीच सांगून ठेवतात. सगळे सांगत नाहीत, आणि याचा मला नेहमी राग येतो, कारण दोन मिनिटांच्या बोलण्यानं माणसाच्या कितीतरी रात्री वाचतात.

उरला प्रश्न वेळेचा. माझ्याकडे येणाऱ्यांत ‘मी घाई केली’ म्हणणारे असतात आणि ‘मी उगाच लांबवलं, तिचे हाल केले’ म्हणणारेही असतात. कधीकधी एकच माणूस एकाच दुपारी दोन्ही म्हणतो. असाध्य आजारात अचूक असा एक दिवस नसतोच. आठवडा-दोन आठवड्यांचा एक पट्टा असतो, आणि त्यातला कुठलाही दिवस निवडला तरी तो चुकीचाच वाटतो. ॲलिस व्हिलालोबोस या प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनी 2004 साली या निर्णयासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे; बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर जगणं अजून बरं चाललंय असं धरायचं. जुईच्या शेवटच्या आठवड्याला असे गुण देऊन पाहा. मात्र एकट्यानं देऊ नका, तेव्हा घरात असलेल्या आणखी कुणाला तरी सोबत घ्या, कारण अपराधी वाटत असताना माणूस आपल्याविरुद्ध गुण देतो. उपाशीपोटी सलाइनवर असलेल्या कुत्रीला भूक आणि पाणी या दोन रकान्यांत किती पडतात तेवढं बघितलं तरी पुष्कळ कळेल.

एवढं करूनही शंका उरली तर डॉक्टरांची वेळ घ्या आणि जुईचे रिपोर्ट समोर ठेवून बोला. प्रश्न लिहून न्या, तिथं गेल्यावर आठवत नाहीत. एक प्रश्न जरूर विचारा: आणखी किती दिवस मिळाले असते आणि ते तिला कसे गेले असते? दुसरा अर्धा भाग विसरू नका. आपण मनात नेहमी ‘आणखी एक महिना’ धरतो, आणि त्या महिन्यातली जुई दोन वर्षांपूर्वीची, पळणारी असते. प्रत्यक्षात तो महिना उलट्यांचा आणि सुयांचा गेला असता.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारतो. ती गेल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटलं का? वाटलं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आजारी प्राण्याची सेवा करणाऱ्यांवर किती ताण येतो यावर मेरी बेथ स्पिट्झनागल यांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. निरोगी प्राणी असलेल्यांच्या तुलनेत या लोकांमध्ये ओझं, तणाव आणि नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. रात्री-अपरात्री उठणं, औषधांच्या वेळा, फरशी पुसणं, खर्चाची काळजी हे सगळं एका दिवशी थांबतं तेव्हा शरीर सैल पडतं. माया कमी होती असा त्याचा अर्थ काढू नका.

तुमच्या बाबतीत लागू नसलेली एक गोष्टही सांगून टाकतो, कारण पुष्कळांचं दुखणं तिथं असतं. कधीकधी चूक खरीच झालेली असते. फाटक उघडं राहतं, किंवा ताप असेल म्हणून मांजराला माणसांचं पॅरासिटामॉल दिलं जातं आणि ते त्याच्या जिवावर बेततं. अशा माणसाला ‘तुझा काही दोष नाही’ म्हणणं खोटं आहे आणि त्याला ते खोटं कळतं. चूक झाली हे मान्य करायचं, ती मुद्दाम केली नव्हती हेही तितक्याच ठामपणे मान्य करायचं, आणि ती दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ नये यासाठी काहीतरी करायचं. हा रस्ता मला जास्त सच्चा वाटतो.

आता रोजच्या दिवसाकडे. दुःखाच्या पाच पायऱ्या तुम्ही ऐकल्या असतील आणि आपण कितव्या पायरीवर आहोत असा प्रश्न पडला असेल. तो सोडून द्या. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख त्या क्रमानं जात नाही. मार्गारेट श्ट्रोबं आणि हेंक शूट यांनी 1999 साली मांडलेलं चित्र मला कामात जास्त उपयोगी पडतं. माणूस दोन काठांमध्ये ये-जा करत राहतो. एकीकडे गेलेल्याची आठवण आणि रडणं, दुसरीकडे बिलं, काम, स्वयंपाक, एखादा विनोद. दोन्ही लागतात. सकाळी हसलात आणि संध्याकाळी तिचा पट्टा हातात घेऊन रडलात, तर काही बिघडलेलं नाही.

नखांचा आवाज येणं हेही फार जणांना होतं. बारा वर्षांत तुमचा मेंदू त्या आवाजाची वाट पाहायला शिकलाय, आणि पंख्याच्या किंवा फ्रिजच्या बारीक आवाजातून तो तेच तयार करतो. दारात आल्यावर पाय जपून टाकणं, उरलेला घास बाजूला काढणं, हे त्यातलंच. काही आठवड्यांत कमी होत जातं. आवाज तुम्हाला काही करायला सांगत असतील, किंवा ती खरोखर घरात आहे असं ठामपणे वाटत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं.

त्रास सगळ्यात जास्त होतो तो ठरलेल्या वेळांना. सकाळच्या फेरीची वेळ, जेवणाची वेळ, तुम्ही कामावरून आल्यावर कुलूप उघडायची वेळ. सगळा दिवस सावरायला जाऊ नका, या दोन-तीन जागा सांभाळा. सकाळची फेरी बंद करू नका, कारण ऊन आणि चालणं दोन्ही झोपेला मदत करतात; थोडे दिवस रस्ता बदला. नेहमीची माणसं भेटलीच तर एक वाक्य तयार ठेवा: ‘जुई गेली, आत्ता त्यावर बोलवत नाही.’ तिच्या वस्तू एका दिवसात उचलून टाकू नका, दुसऱ्या कुणाला परस्पर टाकूही देऊ नका. गादी मांजर वापरतंय तर ती तशीच राहू द्या. बाकीचं एका खोक्यात घालून झाकून ठेवा. टाकायचं की ठेवायचं हे दोन महिन्यांनी ठरवलं तरी चालतं. जेवण जात नसेल तर ताट वाढून बसायचा हट्ट नको, थोडं-थोडं चार वेळा खा. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका. ती झोप लावते आणि पहाटे तीनला उठवून बसवते.

लाजेबद्दल. केनेथ डोका या अभ्यासकानं 1989 साली समाज ज्याला मान्यता देत नाही अशा दुःखावर लिहिलं, आणि प्राण्याचा मृत्यू हे त्याचं अगदी नेहमीचं उदाहरण. रजा नाही, भेटायला येणारे नाहीत, ‘कुत्राच होता ना’ म्हणणारे मात्र आहेत. दुःख तेवढंच राहतं आणि वर ते लपवायचं काम येतं. खरं तर यात विचित्र असं काहीच नाही. जपानमधल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं तेच संप्रेरक. प्राचीन इजिप्तमध्ये घरचं मांजर मेलं की घरातली माणसं भुवया भादरत आणि कुत्रा मेला तर डोक्यासह सगळं अंग, असं हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं नोंदवून ठेवलंय. समोरच्याला न सांगता कळायची ती चांगली सोय होती! आपल्याकडे ती नसल्यामुळे निवडून सांगावं लागतं. कामावर सगळ्यांना सांगायची गरज नाही. ज्याच्याकडे प्राणी आहे किंवा होता असा एक सहकारी शोधा आणि त्याला सांगा. साहेबांना ‘झोप होत नाहीये, एक-दोन दिवस हवेत’ एवढंच सांगितलं तरी ते खरंच आहे.

मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा: जुई मेली, तिचं शरीर काम करायचं थांबलं, ते परत सुरू होत नाही. ‘झोपली’ किंवा ‘लांब गेली’ म्हणू नका. या वयाला मरण कायमचं असतं ही समज नुकती येत असते, आणि ‘झोपली’ ऐकलेलं मूल रात्री स्वतः झोपायला घाबरू शकतं. इंजेक्शनचं कळलं असेल तर आणखी एक गोष्ट लगेच सांगून टाका: तुला देतात ती इंजेक्शनं वेगळी, ती बरं करायची असतात, जुईला दिलं ते फक्त फार आजारी, बरं न होणाऱ्या प्राण्यांसाठी असतं. नाहीतर पुढच्या लसीच्या वेळी काय होईल ते बघा. ‘आजारी होती म्हणून मेली’ एवढंच सांगितलं तर त्याला स्वतःच्या सर्दीचीही भीती वाटेल, म्हणून ‘खूप मोठा, वेगळा आजार’ म्हणा. तोच प्रश्न तो वीस वेळा विचारेल; वीस वेळा तेच उत्तर द्या. मध्येच खेळायला पळाला तर त्याला काही वाटत नाही असं समजू नका, लहान मुलं तुकड्या-तुकड्यांनीच रडतात. ‘तूही मरशील का?’ हा प्रश्न आलाच तर खोटं बोलू नका: बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात, आणि मला तुझ्याबरोबर खूप वर्षं राहायचंय.

मांजराकडे मात्र आजच लक्ष द्या. घरातल्या दुसऱ्या प्राण्यांनाही फरक पडतो. इटलीत 426 कुत्रापालकांची माहिती घेऊन 2022 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोबतचा कुत्रा गेल्यावर उरलेल्या कुत्र्याचं खेळणं आणि खाणं कमी झालं, झोप आणि भीती वाढली असं अनेकांनी सांगितलं. मांजरांबाबत खाण्याचा मुद्दा जास्त गंभीर आहे. मांजर दिवसभर काहीच खात नसेल तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते आजारी पडतं आणि ते जिवावर बेतू शकतं. ‘त्यालाही दुःख झालंय, खाईल हळूहळू’ म्हणत चार दिवस घालवू नका. बाकी त्याच्या वेळा होत्या तशाच ठेवा. आणि जुईची उरलेली औषधं वेगळी काढून ठेवा. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी आहे. तिच्या वेदनाशामक गोळ्याही त्याला देऊ नका.

मदत कधी घ्यायची? तीन आठवड्यांत रडू येणं, झोप मोडणं यात मला काळजीचं काही दिसत नाही. पण काही आठवड्यांनीही कामावर जाता येत नसेल, वजन उतरत असेल, ‘मीच मारलं’ हे वाक्य दिवसभर थांबत नसेल, किंवा जुईच्या निमित्तानं आधीचा एखादा मृत्यू वर आला असेल, तर समुपदेशकाकडे जा. जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा, एकटे राहू नका. लांबलेल्या दुःखाचं निदान माणसाच्या मृत्यूसाठी लिहिलेलं आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दुःख किमान सहा महिने टिकलेलं लागतं, अमेरिकेच्या 2022 च्या निकषांत प्रौढांसाठी बारा. प्राण्याचा मृत्यू त्या व्याख्येत बसत नाही. तुम्हाला मदत मिळण्याशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे ‘हे आजारात मोजतात का’ या विचारात थांबू नका.

दुसऱ्या पिल्लाचं म्हणाल तर सध्या ‘बघू’ म्हणून विषय संपवा. यासाठी ठरलेला काळ नाही. कुणी महिन्यात आणतं, कुणी कधीच आणत नाही. मी एवढंच बघतो की माणसाला कुत्रा हवाय की जुई परत हवीये. त्याच रंगाचं, त्याच जातीचं, तेच नाव ठेवायचं, असं मन सांगत असेल तर अजून थांबा, कारण ते पिल्लू रोज जुईशी तुलनेत हरेल आणि त्यात त्याचा काही दोष नसेल. तुमच्याकडे किडनीचा आजार होता, त्यात सहसा संसर्गाचा प्रश्न नसतो. पण ज्यांचा कुत्रा पार्व्होनं गेला त्यांनी लस पूर्ण न झालेलं पिल्लू घरी आणण्याआधी डॉक्टरांना विचारावं, तो विषाणू जमिनीवर आणि सामानात महिनोन् महिने टिकतो. आणि मुलाचं रडणं थांबावं म्हणून अचानक पिल्लू आणून त्याच्यासमोर ठेवू नका. आधी त्याला विचारा. तो ‘नको’ म्हणाला तर निदान या वर्षापुरतं तरी त्याचं ऐका.